आधी मेलबर्न की आधी सांगली?

*प्रिय मावशी,*

*मी मूळची सांगलीची, सहा वर्षं मेलबर्नला आहे. कार्तिक तमिळ, जन्माने इथलाच. मार्चच्या पहिल्या शनिवारी मेलबर्नजवळच्या यारा व्हॅलीतल्या एका वायनरीत आमचं लग्न ठरलंय. एक सेलिब्रंट, म्हणजे सरकारने लग्न लावायचा अधिकार दिलेल्या बाई, लग्न लावणार आहेत, पुढच्या आठवड्यात त्यांची पहिली भेट आहे. आई म्हणते, "भटजी नाही, पाद्री नाही, मग ही बाई कोण?" तिला सांगलीत विधिवत लग्न हवंच आहे. गुरुजींनी दोन तारखा काढल्यात, डिसेंबरचा पहिला आठवडा किंवा मेची सुरुवात. आईला डिसेंबर हवाय. आम्ही म्हटलं, करू, पण नोंदणी करायची नाही, म्हणजे कागदोपत्री मार्चचंच लग्न राहील. सेलिब्रंटबाईंच्या फॉर्मवर 'पूर्वी लग्न झालेलं नाही' असंच लिहायचं ना? डिसेंबरचं त्यांना सांगायलाच हवं का? आणि पहिल्या भेटीत या अनोळखी बाईशी बोलायचं तरी काय?*

*— सायली (नाव बदललं आहे)*

सायली,

पत्रात वायनरी आहे, गुरुजी आहेत, आईचा रुसवा आहे, आणि त्या गर्दीत तू एक प्रश्न हळूच सरकवला आहेस: डिसेंबरचं सांगायलाच हवं का? बाकीचं नंतर. आधी हे. सांगायलाच हवं, आणि पहिल्याच भेटीत, कॉफी यायच्या आत.

'रजिस्टर केलं तर लग्न, नाही केलं तर नुसता समारंभ' असा आपल्याकडे एक समज रुळलाय. कायदा तसं म्हणत नाही. तुम्ही दोघंही हिंदू. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे दोघांपैकी कुणा एकाच्या घरच्या रूढीनुसार विधी झाले की लग्न लागतं, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताक्षणी ते पूर्ण होतं. नोंदणी हा त्याचा पुरावा. ती राहून गेली म्हणून लग्न मोडत नाही, हे पुढच्याच कलमात आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट उलट बाजूने सांगितली. एका जोडप्याकडे प्रमाणपत्र होतं, विधी झालेच नव्हते, तर न्यायालय म्हणालं हे हिंदू लग्नच नाही. म्हणजे लग्न लावतात ते गुरुजी. नोंदणी कार्यालयातला कारकून नाही.

आता भारतात रीतसर लागलेलं लग्न ऑस्ट्रेलियातही सहसा लग्नच मानलं जातं. मग मार्चमध्ये वायनरीत तुम्ही उभे राहाल ते नवरा-बायको म्हणून, आणि एकमेकांशी आधीच लग्न झालेल्या दोघांचं लग्न पुन्हा लावायला इथला १९६१ चा विवाह कायदा, फारच थोडे अपवाद सोडले तर, मुभा देत नाही. समारंभाआधी तुम्ही दोघं एका कागदावर सही करणार, की आमच्या लग्नाला कायद्याची आडकाठी नाही. फॉर्म आज भरलास तर 'लग्न झालेलं नाही' हे खरं. मार्चमधली ती सही मात्र खोटी, आणि खोटी सही हा गुन्हा. पुढे व्हिसाचे कागद असतील तर तिथे दोन तारखांचा घोळ निस्तरत बसाल तो वेगळाच. लपणार तर काहीच नाही. तुझ्या मामेबहिणीने हळदीचे फोटो फेसबुकवर टाकले की साऱ्या जगाला कळलं.

माझं मत विचारलंस म्हणून सांगते, मेची तारीख घ्या. मार्चमध्ये इथे कायद्याचं लग्न, मेमध्ये सांगलीला देवाब्राह्मणांसमोरचं. मग सप्तपदी, कन्यादान, झाल, सगळं मनासारखं करा. तिथे नवीन काही कायदेशीर घडत नाही, घरचा आनंद घडतो. फक्त सांगलीत पुन्हा नोंदणी करू नका, नाहीतर तुमच्या एका संसाराच्या दोन तारखा होतील. मेमध्ये सांगलीत ऊन रणरणतं, मान्य. पण आंबाही असतो, आणि आईला पटवायला मी हाच मुद्दा आधी काढला असता.

आई डिसेंबरवर अडूनच बसली तर दुसरा रस्ता आहे. सांगलीचंच लग्न खरं माना, तिथे नोंदणी करा, आणि मार्चमध्ये सेलिब्रंटबाईंना सांगा की आमचं लग्न झालंय, आम्हाला इथल्या मित्रांसाठी नुसता सोहळा हवाय. बऱ्याच जणी तसा करून देतात, मात्र तो कायद्याचा विवाह नाही हे त्यांना स्पष्ट ठेवावं लागतं, आणि कायद्याचे कागद, सह्या यातलं काहीच होत नाही. वाईट नाही हा रस्ता. पण वायनरीतलं लग्न तुम्ही आधीच ठरवून बसलाय, म्हणून मी मे म्हणते.

आता आईचा प्रश्न. ही बाई कोण? प्रश्न चांगला आहे, उडवून लावू नकोस. १९७३ पर्यंत ऑस्ट्रेलियात लग्न करायचं तर चर्च, नाहीतर सरकारी कचेरी. चर्चमध्ये घटस्फोटितांना कित्येकदा दार बंद, आणि कचेरीत रुक्ष दहा मिनिटं. त्या वर्षी लायनेल मर्फी नावाच्या ॲटर्नी जनरलने ठरवलं की लग्न लावायचा अधिकार साध्या नागरिकांनाही द्यायचा. पहिली नेमणूक जुलैमध्ये झाली, लोइस डार्सी या तरुण बाईंची. आज इथली दहापैकी सुमारे आठ लग्नं अशीच माणसं लावतात. आणि आईला हेही सांग की पुरोहिताशिवाय लग्न ही कल्पना आपल्याकडे त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधीची. १८७३ च्या डिसेंबरात जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने ब्राह्मण भटजीविना पहिलं लग्न लावलं, आणि जोतीरावांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, अटी घालतात, वचनं देतात. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या पौरोहित्य करणाऱ्या स्त्रियांनी लावलेली लग्नं आईने पाहिली असतीलच. यारा व्हॅलीतली बाई त्या मानाने काही अजब नाही.

पण ती गुरुजींची बदली नव्हे, हेही कळू दे. गुरुजींना विधी पाठ असतो, तुम्ही 'मम' म्हणायचं. या बाईंकडे कायद्याची दोन-चार वाक्यं सोडली तर पाठ काहीच नसतं. बाकीचा सोहळा ती तुमच्याशी बोलून बोलून लिहिते. म्हणूनच तुला काय बोलावं सुचत नाहीये. आपल्याला लग्न लावणाऱ्याशी बोलायची सवयच नाही, दक्षिणा आणि सामानाची यादी सोडून.

पहिल्या भेटीत ती विचारेल, तुम्ही कसे भेटलात? इथे मराठी मुली गप्प होतात, कारण खरं उत्तर 'दोन वर्षं एकाच घरात राहतोय' असं असतं आणि ते सांगलीला माहीत नसतं. तिला खरं सांग. आणि त्याच दमात सांग की यातलं काय माइकवर बोलायचं नाही. माझ्या भाचीच्या लग्नात हे कुणी सांगितलं नव्हतं. सेलिब्रंटने मोठ्या प्रेमाने दोघांच्या बालीच्या सहलीचं वर्णन केलं, साखरपुड्याच्या वर्षभर आधीच्या, आणि पहिल्या रांगेत माझ्या जाऊबाई बसल्या होत्या. इंग्रजी येत नाही म्हणतात त्या, पण 'बाली' कळलं. तेव्हा संहिता पूर्ण लिहून झाली की आधी वाचायला मिळेल ना, बदल किती वेळा करून देणार, हे पहिल्याच दिवशी विचार. देत नसेल तर दुसरी बघ.

पैशांचं बोलायला लाजू नका. सरकारने ठरवलेला दर नसतो, ज्याचा त्याचा असतो. त्यात रंगीत तालीम आहे का, माइक-स्पीकर तिचा की वायनरीचा, यारा व्हॅलीपर्यंतचा प्रवास वेगळा लावणार का, ती आजारी पडली तर कोण येणार, हे लेखी घ्या. आणि ती खरंच अधिकृत आहे ना हे ॲटर्नी जनरल खात्याच्या ऑनलाइन यादीत नाव शोधून दोन मिनिटांत कळतं. तशी नसेल तर लग्न लावण्याचा अधिकारच नाही, मग बोलणं कितीही गोड असो.

कागदांबद्दल आपल्या लोकांच्या खास अडचणी असतात त्या सांगते. ज्या फॉर्मबद्दल तू लिहिलंस, ती लग्नाची नोटीस. ती लग्नाच्या किमान एक महिना आधी सेलिब्रंटच्या हाती पडायला हवी, आणि अठरा महिने चालते. एक महिना म्हणजे पूर्ण महिना. मार्चच्या पहिल्या शनिवारसाठी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात धावपळ करणारी मंडळी मी पाहिली आहेत, तू आताच भरून टाक. जन्माचा पुरावा लागतो. आपल्या जुन्या जन्मदाखल्यांवर पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, नुसतं 'स्त्री' आणि वडिलांचं नाव. घाबरू नकोस, पासपोर्ट चालतो, त्यावर जन्मस्थळ असतं. नाव मात्र पासपोर्टवर जसं आहे तसंच लिही. तिथे तुझ्या नावापुढे बाबांचं नाव चिकटलेलं असेल तर इथेही ते चिकटलेलंच हवं, कार्तिकला कितीही विचित्र वाटलं तरी.

त्याच फॉर्मवर आई-वडिलांची नावं विचारतात, आणि आईचं जन्माच्या वेळचं पूर्ण नावही. इथे जरा थांब आणि फोन लाव. कारण नुसतं माहेरचं आडनाव लिहून भागेलच असं नाही. त्या पिढीत ताटातल्या तांदळावर नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने नवं नाव लिहायचं आणि शकुंतलेची सुनंदा व्हायची. माझ्या एका मैत्रिणीला आपल्या आईचं पाळण्यातलं नाव बत्तिसाव्या वर्षी, हा फॉर्म भरताना कळलं. तासभर फोन चालला होता. तुझी आई सध्या फुरंगटलेली आहे ना? हा प्रश्न घेऊनच तिच्याकडे जा.

एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेव. समारंभाआधी सेलिब्रंट तुला आणि कार्तिकला वेगवेगळं, एकेकटं भेटणार. २०२४ पासून तसं करणं कायद्याने सक्तीचं आहे. लग्न खुशीने करतेस ना, कुणाचा दबाव नाही ना, एवढंच ती विचारेल. इथे २०१३ पासून जबरदस्तीचं लग्न हा फौजदारी गुन्हा आहे, त्यामागचा हा विचार. आई "मी बसते की बाजूला" म्हणेल. नाही बसायचं. त्यात अपमान कुणाचाच नाही, आणि खरं सांगू? आमच्या वेळी मला कुणी एकटीला बाजूला घेऊन हे विचारलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. उत्तर 'हो'च दिलं असतं मी. पण विचारलं असतं!

आता सोहळा. कायद्याला त्यात फार थोडं हवं असतं. ती सगळ्यांसमोर म्हणणार की मला लग्न लावायचा अधिकार आहे, मग नात्याचं गांभीर्य आणि बंधन यांची आठवण करून देणार, आणि सांगणार की इथल्या कायद्याप्रमाणे लग्न म्हणजे दोन व्यक्तींनी, इतर सगळ्यांना वगळून, स्वखुशीने, जन्मभरासाठी एकत्र येणं. 'दोन व्यक्ती' हे २०१७ च्या डिसेंबरपासून, त्याआधी तिथे पुरुष आणि स्त्री होते. मग तुम्ही एकेक ठरलेलं वाक्य म्हणायचं: इथे जमलेल्यांना साक्षी ठेवून मी अमुक, तमुकला नवरा किंवा बायको म्हणून स्वीकारते. अठरा वर्षांवरचे दोन साक्षीदार. नातेवाईक चालतात, तेव्हा एक सही बाबांची होऊ दे.

ते गांभीर्याचं वाक्य ऐकशील तेव्हा तुला काही आठवतं का बघ. मला दर वेळी तेच आठवतं: सावधान. रामदासांनी तो शब्द ऐकला आणि बोहल्यावरून धूम ठोकली अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. इथे तो शब्द चार ओळींत पसरून सांगतात आणि पळायला संधीही देतात, एवढाच फरक. म्हणून माझी सूचना अशी की अंतरपाट त्या वाक्याच्या बरोबर आधी धरा. मंगलाष्टकं होऊ देत, 'शुभमंगल सावधान' होऊ दे, अंतरपाट खाली येऊ दे, आणि लगेच सेलिब्रंटने तिचं सावधान म्हणू दे. आई रडेल. कार्तिकची आईही रडेल, त्यांच्याकडे अंतरपाट नसला तरी.

मंगलाष्टकं सेलिब्रंटला म्हणायला सांगू नकोस. पाठ करून येणाऱ्या असतात काही, उच्चार ऐकून पितर हसतात. तुझा काका किंवा एखादी गाणारी मैत्रीण म्हणेल. फक्त ती नक्की किती हे आधी ठरवा. नावाला आठ, पण एकेक मावशी स्वतः रचून आणते आणि सगळी शार्दूलविक्रीडित वृत्तात, लांबलचक ओळींची. गोरे पाहुणे उन्हात उभे असतात, हातात अक्षता घेऊन, त्या कधी टाकायच्या हे न कळून. सेलिब्रंटला सांगून ठेव, तिने आधीच समजावून द्यायचं की प्रत्येक 'सावधान'ला चार दाणे टाका, एकदम मूठ रिकामी करू नका. वायनरी तांदूळ टाकू देते का हेही विचार. पुष्कळ ठिकाणी नाही म्हणतात, तिथे झेंडूच्या पाकळ्या.

होमाचा विचार डोक्यात असेल तर तो सांगलीसाठी ठेव. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, मार्चमध्ये वणव्याचा हंगाम बहुधा संपलेला नसतो, उघड्यावर अग्नी पेटवायला कडक नियम असतात, आणि पूर्ण आगबंदीच्या दिवशी तर सोडूनच दे. ती बंदी साधारण आदल्या दिवशी जाहीर होते. ऐनवेळी होमकुंडावर पाणी ओतण्यापेक्षा निरांजन परवडलं, तेही वारा लागणार नाही असं आणि वायनरीला विचारून.

गुरुजींकडून मार्चचा मुहूर्त काढून घेणार असाल तर तो मेलबर्नसाठी काढायला सांगा. भारतातल्या वेळेत साडेपाच तास मिळवून तो होत नाही, मुहूर्ताचं लग्न, म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, त्या त्या जागेच्या क्षितिजावरून ठरतं. आमच्याकडे एकांनी हौसेने गोरज मुहूर्त धरला. इथे मार्चच्या सुरुवातीला सूर्य मावळायला पावणेआठ-आठ वाजतात. जेवण सातला लागलं होतं. गाई नव्हत्याच, वाढपी तेवढे परतत होते.

मराठीला जागा हवी असेल तर तुमच्या खासगी वचनांत ठेवा. कायद्याचं वाक्य झाल्यावर मनातलं कुठल्याही भाषेत बोला. कार्तिकला एक उखाणा शिकव, 'यारा' आणि 'वारा' जुळतं, तेवढं पुरे. आई-बाबांसाठी सोहळ्याचा क्रम मराठीत छापून खुर्चीवर ठेव, एका पानाचा. कोण काय म्हणतंय ते कळलं की माणसं निम्मी शांत होतात. तालमीला त्यांनाही ने. अंतरपाट कुठल्या दोघांनी धरायचा, ते उंचीला सारखे आहेत का, हे तिथेच कळतं.

सह्या करताना हमखास होणारी चूक: नव्या आडनावाने सही. ती नको. जी सही आजवर करत आलीस तीच. नाव बदलायचं असेल तर नंतर, आणि नाही बदललंस तरी कुणी अडवत नाही. त्या दिवशी हातात पडतं ते सुंदर छापील प्रमाणपत्र भिंतीवर लावायला उत्तम, पण पासपोर्टसाठी किंवा व्हिसासाठी उपयोगाचं नाही. सेलिब्रंट चौदा दिवसांच्या आत कागद राज्याच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कार्यालयात पाठवते. नोंद झाली की तिथून अधिकृत प्रमाणपत्र मागवायचं, त्याची वेगळी फी असते. भारतात ते कुठे दाखवायची वेळ आली तर त्यावर इथल्या परराष्ट्र खात्याचा अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का लागेल. व्हिसाबद्दल तू काही विचारलेलं नाहीस. पण त्यातलं काही असेल तर मावशीला विचारू नकोस, नोंदणीकृत स्थलांतर सल्लागाराला विचार, आणि मार्चच्या आधी.

भेटीला जाताना दोघांचे पासपोर्ट, आईचं माहेरचं नाव आणि बालीसारख्या गोष्टींची यादी घेऊन जा. आणि गुरुजींना आजच मेचा होकार कळव. सांगलीत मेमध्ये चांगली कार्यालयं मिळत नाहीत, दिवाळीआधीच भरलेली असतात.

तुझी,
मावशी